अण्णांची सही

आमच्या चाकणच्या कंपनीत भर दुपारी बॅटरी घेऊन हिंडणारा माणूस एकच होता. शेडमध्ये डोळे दिपतील एवढे दिवे, आणि अण्णा आपले गुडघ्यावर बसून मशीनच्या पोटाखाली उजेड टाकतायत! अण्णा आमचे फोरमन. तळेगावच्या जुन्या शेतकरी घरातले, अंगाने काटक, आणि चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. कुणी चेष्टा केलीच तर म्हणायचे, "दिवे वर हायेत बाबा, तेल खालनं गळतं." आणि पुढच्या मशीनकडे सरकायचे.

शिफ्ट बदलताना एक वही भरायची असते. कुठलं मशीन कसं चाललं, कशाचा आवाज येतोय, पुढच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं. आम्ही सरळ कालचं पान समोर ठेवून आजचं उतरवायचो. अण्णा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचे, मग उठून त्या त्या मशीनपाशी जाऊन यायचे आणि मगच सही करायचे. तोवर कंपनीची बस हॉर्न वाजवून थकलेली असायची आणि आतली मंडळी आमचा उद्धार करत असायची.

एकदा मी 'बारा नंबर ठीक, तेल बरोबर' असं लिहून मोकळा झालो. अण्णांनी ते वाचलं, माझा दंड धरला आणि मला बारा नंबरच्या जागी नेऊन उभं केलं. तिथे मशीनच नव्हतं. सकाळीच क्रेनने उचलून दुरुस्तीला पाठवलं होतं. जमिनीत चार बोल्टांची भोकं आणि एक काळा डाग तेवढा उरला होता.

"तपास की तेल," म्हणाले, आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

सगळी शेड हसली. अण्णा हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

त्याच सुमारास माझा ब्लॉग आटला होता. चऱ्होली माझं गाव. लग्नानंतर चिंचवडला राहायला आलो, पण गावच्या आठवणी सहा-सात वर्षं लिहीत होतो. वाचणारे होते, कौतुक करणारे होते. मग एकाएकी सुचेनासं झालं. घरी आलो की लॅपटॉप उघडायचा, कोऱ्या पानाकडे बघत बसायचं आणि मिटायचा. बायको म्हणाली, "नका लिहू मग. कुणी जबरदस्ती केलीय का?" बरोबरच होतं तिचं. पण लिहिणं सुटलं तर माझ्यापाशी शिफ्ट आणि झोप यांखेरीज काहीच उरणार नव्हतं, आणि याची मला खरोखर भीती वाटायची. शेवटी जुन्याच लेखांतल्या ओळी इकडच्या तिकडे करून मी ओढ्याकाठच्या पायवाटेवर एक लेख टाकला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत अण्णा समोर येऊन बसले.

"तुझं ते वाटंचं वाचलं."

मी खूश.

"ती वाट हाय का आता?"

"असेल की."

"आसंल म्हंजे? कधी गेलतास?"

मला आठवेना.

"मी गेलतो परवा चऱ्होलीला, भाचीकडं. वाट न्हाई तिथं. सोसायटीचं गेट हाय."

मी कबूल केलं, "अण्णा, हल्ली सुचतच नाही काही. बंदच करणार आहे ब्लॉग."

"सुचंल कसं? तू जायाचाच बंद झालायस," अण्णा म्हणाले आणि चहा संपवून उठले.

राग आला मला. माणसाने चार शब्द बरे बोलू नयेत का? पण रविवारी गाडी काढलीच. गेट होतं. गेटवर लातूरकडचा एक वॉचमन होता. त्याने भिंतीकडेला वांगी लावली होती, सोसायटीवाले उपटून टाक म्हणत होते, म्हणून तो एकेक रोप रंगाच्या रिकाम्या डब्यात हलवत होता. तासभर त्याच्याशी बोललो. घरी आलो आणि जेवायच्या आत लेख झाला. तेव्हापासून आधी जायचं आणि मग लिहायचं, हे ठरून गेलं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." झालं कौतुक!

अण्णा रिटायर झाले आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. त्यांच्यावर लिहायला बसलो आणि पहिलीच ओळ लिहून गेलो, 'हसतमुख, मनमिळाऊ अण्णा'. स्वतःचीच लाज वाटली. ओळ पुसली आणि तळेगावला त्यांच्या घरी गेलो.

काकूंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यास्नी दिसत नव्हतं. तुमचं लिखाण मीच वाचून दाखवायची, फोनात बघून."

"काही म्हणायचे?"

"ते काय म्हणणार? शेवटपर्यंत गप ऐकायचे. मग म्हणायचे, ह्यो जाऊन बघून आलाय."

इतक्या वर्षांत अण्णांनी मला तोंडावर असं कधी म्हटलं नव्हतं. काकूंसमोरच मला रडू फुटलं.