साक्षीदार पाहिजे, शुगर नसलेला

प्रताप नगरातल्या बागेत सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपला पूर्वी तीनच विषय होते: गुडघे, सून आणि सरकार. मग एक मेंबर मृत्युपत्र न करताच गेले आणि तेरवीच्या पंगतीत त्यांच्या मुलांची जुंपली. आम्ही हातातला वडा हातातच ठेवून सगळं ऐकलं. तेव्हापासून ग्रुप मृत्युपत्राशिवाय बोलत नाही, आणि बागेची एक फेरी होईपर्यंत एखादा नवा किस्सा जमा होतो.

*

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि लिहिणाऱ्याच्या मागे ते शाबूत राहिलेले बरे. ग्रुपमध्ये वयाने लहान मीच, शिवाय मला शुगर नाही. त्यामुळे ज्याला त्याला माझीच सही पाहिजे.

एकाने तर आधी माझा ईसीजी पाहायला मागितला. मी भाबडेपणाने दाखवला. सही झाल्यावर चहासुद्धा न विचारता म्हणाला, "आता गाडी हळू चालवत जा गा."

*

पहिल्या सहीच्या वेळी मी मजकूर वाचायला चष्मा लावला. ग्रुपमधलेच वकीलसाहेब मसुदे करून देतात, त्यांनी कागदावर हात ठेवला.

"तुम्ही सही होताना पाहायची, मजकूर नाही."

"अन् त्यात माझं नाव असलं तर?"

"ज्याले काही मिळणार असते, त्याले मी साक्षीदार करतच नाही."

वीस वर्षं ज्याच्यासोबत चहा पितो त्याने आपल्यासाठी काय ठेवलंय, हे मला असं फुकटात कळलं. आतापर्यंत सहा मित्रांचं कळलं आहे.

*

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, तेही आधी लिहून ठेवता येतं. आमच्या देवरावांनी लगेच लिहिलं आणि घरी मोठ्याने वाचून दाखवलं: व्हेंटिलेटर नको, घशात नळी नको.

त्यांच्या पत्नी कुसुमकाकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "घशात नळी नको म्हणता, अन् रोज तंबाखूचा खर्रा घालून राहिले तो कोणाले विचारून?"

देवराव आता तो कागद लपवून ठेवतात. खर्रा उघड खातात.

*

पुढे कुसुमकाकूंनीही मृत्युपत्र करायचं काढलं. देवरावांना हसू आवरेना. "तुह्याजवळ देण्यासारखं आहे काय वं?"

"तुम्ही आहात ना," काकू म्हणाल्या. "दोन्ही सुनांले विचारलं. कोणी घेऊन नाही राहिलं."

*

बापूराव उमरेडला मास्तर होते. बायको गेल्यापासून मुलगी रेखा त्यांच्याजवळ आहे. पथ्य, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं तीच करते. दोन मुलं पुण्यात, फोन दिवाळीला. पण मृत्युपत्राची कुणकुण लागली आणि दोघांचा रोज फोन यायला लागला, "बाबा, जेवले का?"

बापूराव बागेत स्पीकर लावून उत्तर द्यायचे, "जेवलो. घर अजून माह्याच नावावर आहे."

आम्ही हसायचो. मला मात्र रेखाची धास्ती वाटायची. उद्या घर भावांच्या नावावर गेलं, तर तिची बॅग ते तेरवीपर्यंतही थांबू देणार नाहीत.

*

मृत्युपत्राच्या दिवशी दोघं मुलगे पुण्याहून हजर. बापाला शाल आणलेली, ऐन मे महिन्यात. रेखा स्वयंपाकघरात होती. वकीलसाहेबांनी कागद काढला आणि मी सवयीने पेन उघडलं.

"तू राहू दे गा आज," बापूराव मला म्हणाले. मग मुलांकडे वळले. "घरची माणसं असताना बाहेरचा साक्षीदार काहून पाहिजे? तुम्ही दोघं करा सह्या."

धाकटा वाचायला पुढे वाकला. वकीलसाहेबांनी कागदावर हात ठेवला. "तुम्ही सही होताना पाहायची, मजकूर नाही."

"बरोबर आहे. विश्वास महत्त्वाचा," थोरला म्हणाला. आत भांडं वाजलं तसं त्याने विचारलं, "रेखाची सही नको का?"

"तिची नको," बापूराव म्हणाले.

थोरल्याचा चेहरा खुलला. बापूरावांनी सही केली, त्याखाली थोरल्याने झोकदार सही ठोकली, धाकट्याने पत्त्यासह केली. वकीलसाहेब माझ्याकडे बघेनात. मी छताचा पंखा बघत होतो.

बापूरावांनी शाई वाळली का ते बोट लावून पाहिलं, कागद वकीलसाहेबांच्या बॅगेत जाऊ दिला आणि दोघांकडे प्रेमाने बघून विचारलं, "जेवले का?"