तात्यांचे आगाऊ आभार

निर्णय व्हायच्या आधीच आभाराचा फ्लेक्स लावायचा, ही तात्यांची खोड. मखमलाबादचे आमचे शेजारी. 'फुलबाजाराला जागा दिल्याबद्दल मंत्रीमहोदयांचे हार्दिक आभार' असा भलामोठा फ्लेक्स त्यांनी लावला, तेव्हा जागेची फाईल कुणी उघडलीही नव्हती. मंत्री गाडीतून उतरले, गोंधळले. पण गळ्यात हार पडल्यावर नाही कसं म्हणणार! गोदाकाठची जागा आम्हाला मिळाली.

त्याआधी आम्ही बायका रस्त्याकडेला बसायचो आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की झेंडूच्या पाट्या उचलून पळायचो. तात्यांनी आमची संघटना बांधली, बोलायला शिकवलं. "एकटीनं सांगितलं तर ते रडगाणं गं, सगळ्यांनी मिळून सांगितलं की मागणी. साहेबाला फोटो हवा असतो, तो द्यायचा." या माणसाला मी देव मानत होते. आग लागो माझ्या भोळेपणाला!

पुढे दुकानदारांच्या संघटनेनं तात्यांना सल्लागार नेमलं. दुकानदारांना आमच्या जागेवर पार्किंग हवं होतं. तात्या त्यांचं शिष्टमंडळ घेऊन महापालिकेत गेले, हे आम्हाला पेपरातल्या फोटोवरून कळलं. मी तशीच त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"तात्या, आमच्या पोटावर पाय देताय?"

"अगं, लोकशाही आहे. म्हणणं मांडायचा हक्क त्यांनाही आहे की नाही? मी फक्त वाट दाखवतो." चहा फुंकत बोलले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोड्याच दिवसांत दुकानदारांच्या मेळाव्याला मंत्री येणार होते. मंडपाच्या तोंडाशीच आम्ही फ्लेक्स लावला: 'फुलबाजार कायम ठेवल्याबद्दल मंत्रीमहोदयांचे व तात्यांचे हार्दिक आभार.' खाली तात्यांचा हात जोडलेला फोटो. पत्रकारांना मीच बोलावलं होतं. मंत्री हसले, आमचा हार घेतला, "बाजार इथंच राहील," म्हणाले. दुकानदार तात्यांकडे असे बघत होते, की वाटलं तिथंच त्यांचे कपडे फाडतील. सल्लागारपद संध्याकाळच्या आत गेलं. काय सांगू, असं गार वाटलं जिवाला!

मग तात्यांचा फोन आला. "शिकलीस हो. पण पार्किंग आता कुठं जाणार, माहीत आहे? पलीकडच्या टोपल्या विकणाऱ्यांच्या जागेवर. त्यांची ना संघटना, ना फ्लेक्स."

"तुम्ही आहात ना वाट दाखवायला," म्हणत मी फोन ठेवला. टोपलीवाल्यांना मात्र खरंच उठवलं. कुणी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

यंदा तात्या गेले. त्याच संध्याकाळी बायका जमल्या. जागा त्यांनीच मिळवून दिली, उद्या बाजार बंद ठेवू, असं एकीनं सुचवलं. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी उठले. "जो हा बाजार उठवायला निघाला होता, त्याच्या नावानं तो तासभरसुद्धा बंद राहणार नाही."

सकाळी सगळ्यांच्या आधी मीच पाट्या मांडल्या. फुलांवर पाणी मारता मारता डोळे भरून आले, ते पदरानं पुसले. तेवढ्यात तात्यांचा मुलगा तिरडीसाठी फुलं घ्यायला आला. मी नेहमीचाच भाव सांगितला.