हर्लिंगच्या वहीला पोथीचे वस्त्र

भगवत्कृपेची सावली आपणा सर्वांवर असो. आजचा आनंदाचा प्रसंग आपल्याला कळवल्याशिवाय राहवत नाही!

येथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमचे शेजारी शॉन आयरिश क्रीडामंडळाच्या जुन्या नोंदवह्या सांभाळतात. हर्लिंग हा त्यांचा काठी-चेंडूचा प्राचीन खेळ. आज सकाळी ते एक वही घेऊन आले. तळघरात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यामुळे पाने ओलावून चिकटली होती, आणि त्यांतच त्यांच्या वडिलांच्या पहिल्या सामन्याची नोंद होती. शॉननी पाने सोडवण्यासाठी सुरी काढली.

“थांबा! पोथीला सुरी लावत नाहीत!” मी जवळजवळ ओरडलोच.

“पंडितजी, ही खेळाची वही आहे,” ते हसले.

“वडिलांचे नाव आहे ना तीत? मग पोथीच ती.”

आमच्या घरी पोथ्यांना उन्हात नव्हे, सावलीत वारा देत असत. तसेच केले, वही जेवणाच्या टेबलावर सावलीत उघडी ठेवली. “झालं, आज जेवायचं टेबल गेलं!” असे सौभाग्यवतींनी ऐकवलेच.

दुपारी एक कोपरा आपणहून सुटला. मी बोटाच्या टोकाने पान उलटले, आणि नाव लख्ख दिसले! शॉननी टोपी काढून ते उभ्याने वाचले.

तेव्हा टेबलावरून कुरकुरणाऱ्या सौभाग्यवतींनीच देवघरातून पोथीचे तांबडे सुती वस्त्र आणून वहीभोवती गुंडाळले.

आपल्या घरी प्लॅस्टिकमध्ये कोणाचे हस्ताक्षर गुदमरते आहे? आजच सोडवाल ना? वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पूर्वजांची अक्षरे अक्षय राहोत. शुभं भवतु.