रुळाला गाल

माझं ठरलेलं लग्न एका चांगल्या माणसाच्या चांगल्या कामामुळं मोडायला आलं होतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात, पुण्या-मिरजेच्या वाटेवर रुंद रूळ नुकते पडले होते. आमचं गाव शिराळ्याकडं, मुलगा रहिमतपूरच्या बाजूचा, रेल्वेत गँगमन. सुपारी फुटली होती. माझे चुलते लग्नाची तारीख कळवायला त्याच्या गावी गेले आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत आले ते ओरडतच.

रेल्वे फाटकाजवळ त्यांना होणारा जावई दिसला होता. रुळावर डोकं ठेवून आडवा पडलेला. थोड्या अंतरावर आठ-दहा गडी पहारी घेऊन उभे होते आणि त्याच्याकडं नुसते बघत होते. उठवत कुणीच नव्हतं. चुलत्यांनीही उठवलं नाही. त्यांना एस.टी. गाठायची होती.

"पोरगी पसंत न्हाई त्याला," ते म्हणाले. "लगीन करण्यापरीस मेलेलं बरं, म्हणून पडला हुता."

आईनं डोळ्याला पदर लावला. शेजारणी आल्या आणि मला खालीवर निरखून गेल्या. मला रडू आलं नाही, संताप आला. एक तर मी काही एवढी वाईट नव्हते. आणि हे गावोगाव झालं असतं, तर जिच्यापायी माणूस रुळावर पडला तिला पुढं कोण करून घेणार होतं?

वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले. चौकशी केल्याशिवाय ते पाहुण्याच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. त्यांनी विचारलं, "पडला ते ठीक. मग उठला का न्हाई?" चुलत्यांना ते माहीत नव्हतं.

"उद्या जाऊन बघतो," वडील म्हणाले.

"आबा, मी बी येते," मी म्हणाले. "माझ्यापायीच पडलाय म्हणत्यात न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फाटकाजवळ पोचलो, तर तो पुन्हा पडलेला. वडील थेट त्याच्यासमोर जाऊन रुळातच उभे राहिले. "पावणं, बरं हाय न्हवं?"

"आवं, बाजूला सरा, दिसंना मला," तो वर न बघताच म्हणाला. त्यानं एक हात उंच करून बोटं हलवली. लांबवर गड्यांनी जॅकनं रूळ किंचित उचलला. त्याची मूठ मिटली, तसे ते थांबले आणि रुळाखालच्या आडव्या सिलिपाटाखाली ठोकून ठोकून खडी भरू लागले. मग त्यानं मान वळवली, आम्हाला ओळखलं आणि तो ताडकन उभा राहिला. गालावर गंजाचा पट्टा होता.

वडिलांना त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. गाड्या धावून रूळ जागोजाग खाली बसतो, सुताएवढा. उभ्या माणसाला तो झोळ दिसत नाही. रुळाला गाल लावून लांब नजर टाकली की दिसतो. मुकादमाची नजर अधू झाली, म्हणून हे काम त्याच्याकडं आलं होतं. आता म्हणे घासणीच्या दगडांची चाकं लावलेली गाडी येते आणि ठिणग्या उडवत रुळाचा माथा घासून सपाट करते. तेव्हा रूळ बघायला माणसाचा गाल होता.

"एवढ्याशानं काय हुतंय?" वडिलांनी विचारलं.

"आज काय न्हाई हुत. पण झोळ वाढत जातो, मामा. वर गाडीत माणसं असत्यात." 'मामा' म्हणताना तो अडखळला.

"मला बघू द्या," मी म्हणाले. कुणी नाही म्हणालं नाही, कारण असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दोन्हीकडं लाल झेंडे लावलेले होते. मी पदर खोचला आणि आडवी झाले. रूळ तापलेला, गाल चांगलाच भाजला. पण दिसलं. सरळ गेलेला रूळ एका ठिकाणी कपड्यांच्या दोरीसारखा खाली आला होता.

"त्या टोपीवाल्या गड्याच्या पुढं झोळ हाय."

"तिथला आत्ताच काढलाय."

"हाय म्हणते न्हवं!"

तो पुन्हा आडवा झाला. बराच वेळ बघत राहिला. मग सगळ्या गड्यांसमोर आणि माझ्या वडिलांसमोर म्हणाला, "व्हय, हाय. माझ्याकडनं सुटला."

मुकादम पुढं आला. "असं कवा झालं न्हाई रं तुझं. आज काय झालं?"

तो उठला नाही. रुळावरूनच बोलला. "काल फाट्यावरच्या चहावाल्याजवळ पोरीचा चुलता निरोप ठेवून गेला. लगीन मोडलं म्हणून. तवाधरनं नजर ठरंना झालीया."

चुलत्यांनी हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. त्या माणसाचे हाल झाले होते आणि ते ऐकून मला आनंद झाला, इतका की स्वतःचीच लाज वाटली.

वडिलांनी घसा साफ केला आणि पलीकडच्या उसाकडं बघत म्हणाले, "निरोप चुकीचा हाय."

तो तसाच पडून राहिला. खांदे तेवढे हलत होते. गडी जॅकपाशी त्याच्या बोटांची वाट बघत होते आणि त्याचा हात काही वर येईना. मग मीच त्याच्या पुढं रुळावर आडवी झाले, गाल टेकवला आणि हात वर केला. गड्यांनी एकदा मुकादमाकडं बघितलं आणि रूळ उचलायला घेतला.