दोन-दोन ठेवणारी वहिनी

आमच्या वहिनीला कारखान्यात सगळे पाठीमागे ‘दोन-दोन’ म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मी तिची नणंद आहे आणि नणंदेचं कामच ते. तिच्या पर्समध्ये दोन चष्मे. कपाटाच्या दोन किल्ल्या, त्याही वेगवेगळ्या जागी. ओट्यावर दोन लायटर, त्यातला एक अजून वेष्टनातच. दादाशी लग्न ठरवतानासुद्धा तू दुसरं स्थळ हाताशी धरून ठेवलं असणार, असं मी तिला किती वेळा तरी ऐकवलंय. ती हसत नाही. ‘होतंच,’ म्हणते आणि कामाला लागते.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. पाण्याच्या पंपातून गळती होऊ नये म्हणून आत जे रबरी वायसर बसतात, ते आम्ही बनवतो. दादा तापलेलं रबर साच्यात दाबणाऱ्या प्रेसवरच्या माणसांकडे बघतो. मी पॅकिंगला असते, म्हणजे वायसरच्या कडेचं जास्तीचं रबर कातरायचं आणि वाईट माल बाजूला काढायचा. बाकी खरेदी, फोन, लोकांची मनधरणी, भांडणं, सगळं वहिनीकडे. ते ती कसं करते हे कुणी विचारलं नाही. चाललंय ना, मग विचारायचं कशाला?

रबर बाहेरच्या देशातून जहाजाने येतं. शहरातला मोठा व्यापारी ते चांगलं देतो आणि स्वस्तही देतो. तरी वहिनी दर खेपेला थोडा माल एका छोट्या व्यापाऱ्याकडून घ्यायचीच. त्याचा भाव जास्त, माल उशिरा, वर फोनवर बोलणं असं की उपकार करतोय. दादा कुरकुरायचा. मग ती तिच्या वडलांचं सांगायची. त्यांचं लोकरीचं दुकान होतं, सगळी लोकर एकाच गिरणीतून यायची. गिरणी बंद पडली आणि दुकानही पडलं. त्यानंतर ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि घरातच बसून राहायचे. ‘मला तो शर्ट परत बघायचा नाही,’ असं ती म्हणाली की दादाचं तोंड बंद व्हायचं.

आणि मग तिकडे दूर दोन देशांचं बिनसलं. ज्या चिंचोळ्या समुद्रातून जहाजं येतात तो बंद झाला. टीव्हीवर नकाशा आणि त्यावर लाल बाण, दिवसभर तेच. दादा ताटावर बसून बाण बघायचा आणि अन्न गार व्हायचं. मोठ्या व्यापाऱ्याने आधी ‘दोन दिवसांत सांगतो’ म्हटलं, मग फोन उचलणंच सोडलं. पंप कंपनीचा मॅनेजर मात्र न चुकता फोन करायचा. गोड बोलायचा, पण अर्थ एकच: तुमचा माल थांबला तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. एकदा तो दुसरीकडे गेला की परत येणार नव्हता, आणि आमचं निम्म्याहून जास्त काम त्याचंच. प्रेसवरची माणसं वहिनीला काही विचारायची नाहीत. मला विचारायची, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, अरे, वहिनीने दुसरा माणूस ठेवलाय की. इतकी वर्षं जास्त भाव कशासाठी मोजला?

वहिनीने त्या छोट्या व्यापाऱ्याला स्पीकरवर फोन लावला तेव्हा मी समोरच उभी होते. एरवी उर्मट बोलणारा तो माणूस त्या दिवशी अगदी नरमाईने बोलत होता.

‘वहिनी, माझा मालही त्याच जहाजातून येतो,’ तो म्हणाला. ‘पोती तेवढी माझी.’

तिने फोन हळूच टेबलावर ठेवला. दादा दारात होता, त्याने सगळं ऐकलं. एरवी टोमणा मारायची संधी तो सोडत नाही, पण त्या दिवशी त्याने पुढे होऊन टेबलावरचा फोन तेवढा बंद केला. त्याचीच मला जास्त भीती वाटली. वहिनी उठली, प्रेसपाशी गेली, उरलेल्या रबराच्या लाद्यांवर हात ठेवून उभी राहिली. मग मला म्हणाली, ‘चप्पल घाल. आपल्याला जायचंय.’

कुठे ते तिने गेटबाहेर पडल्यावर सांगितलं. दादाच्या जुन्या भागीदाराकडे. मोठा प्रेस कुणी न्यायचा यावरून दोघांचं असं फाटलं होतं की दादा त्याचं नावही घेत नाही, ‘तो गृहस्थ’ म्हणतो. तीन गल्ल्या सोडून त्याची शेड आहे. त्याचे वायसरही आमच्यासारखेच, फक्त गिऱ्हाईक परदेशी. वहिनीने त्याच्याशी बोलणं कधी तोडलं नव्हतं. आमचा साचा बिघडला की ती त्याच्याकडून घासून आणायची, त्याचा अडला तर आपला द्यायची. दादाला हे ठाऊक होतं, पण तो दिसत नसल्याचं सोंग करायचा.

त्याच्या शेडमध्ये शिरलो तर आत थंडगार. चालू कारखान्यात तापलेल्या रबराचा वास नाकात बसतो, तिथे तो नव्हताच. सगळे प्रेस बंद. भिंतीला टेकून रबराच्या लाद्या छातीएवढ्या रचलेल्या, प्लास्टिकही न सोडलेल्या. लढाई सुरू व्हायच्या आधीच त्याचा माल उतरला होता. पण तयार माल पाठवायला आता जहाज नव्हतं आणि परदेशी गिऱ्हाइकांनी ऑर्डर थांबवल्या होत्या. त्याची माणसं बाकावर ओळीने बसली होती, आमच्याकडे बघत.

वहिनीने पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, ‘भाऊजी, तुमच्याकडे रबर आहे, काम नाही. माझ्याकडे काम आहे, रबर नाही. साचे मी देते, तुमच्या रबरातून अर्धे वायसर तुमच्या प्रेसवर काढा, अर्धे माझ्या. उद्या उलटं झालं तर तुम्ही माझ्याकडे या.’

तो लाद्यांपाशी गेला आणि वरच्या लादीचं प्लास्टिक चाचपू लागला. त्यालाही हेच हवं होतं, ते मला दिसत होतं. पण तो म्हणाला, ‘हे सगळं तुमच्या शब्दावर, वहिनी. उद्या तुम्ही आडव्या पडलात तर मी कुणाशी बोलायचं? तुमचे हे तर माझ्या सावलीलाही उभे राहत नाहीत. तुमच्या जागी दुसरं कोण आहे?’

वहिनीने पर्स उघडली. उगाचच उघडली आणि परत बंद केली.

मग तिने माझ्याकडे बोट केलं. ‘ही आहे.’

साफ खोटं होतं ते. मला कातरीपलीकडे काही कळत नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाकावरची ती माणसं दिसली आणि मिटलं. तो मान हलवून हो म्हणाला.

परतताना मी तिच्यावर उखडले. मला न विचारता माझं नाव दिलंसच कसं? ती भरभर चालत होती.

‘विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस, धाकटे,’ ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर थांबली. ‘मी सगळ्याला दुसरं ठेवलं आणि ते एकाच जहाजावर निघालं. माझ्या जागी कोण, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. मला फार भीती वाटतेय गं.’

तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी तिची पर्स घेतली, तेवढंच.

दादा ऐकून घेऊन शेडमध्ये गेला. थोड्या वेळाने बघितलं तर तो साचे पुसून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवत होता. ‘त्या गृहस्थाला सांग, डावीकडचा जरा जपून वापर,’ एवढं म्हणाला.

समुद्र अजून बंदच आहे. त्या लाद्या संपल्यावर काय, ते कुणालाच माहीत नाही. वहिनीने ऑफिसात तिच्या खुर्चीशेजारी माझं स्टूल लावून घेतलंय. कुणाशी काय बोलायचं, कुणाला किती ताणायचं, कुणाचं ‘हो’ म्हणजे ‘नाही’, हे ती सांगते आणि माझं डोकं गरगरतं. सीलिंग फॅनखाली बसूनही घाम फुटतो.

काल मॅनेजरचा फोन वाजला. मी तिच्याकडे बघितलं. ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसली.

‘वहिनी आहेत का?’ त्याने विचारलं.

‘आहेत,’ मी म्हटलं, ‘पण तुम्ही माझ्याशी बोला.’

पुढचा माल वेळेवर मिळेल का, त्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायला लागले. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. टेबलाखाली तिचा पाय मात्र सारखा हलत होता.