कितामोतोचं लाल इंजिन

त्सुयामाच्या बाजारपेठेत निम्म्या दुकानांची शटरं कायमची खाली आली, तेव्हा सेइजी हिराइवाने आपलं घड्याळांचं दुकान आवरलं आणि त्याच जागेत छोट्या आगगाड्यांचा भलामोठा पट मांडला. डोंगर, बोगदे, पूल, दोन स्टेशनं. गावातले शौकीन आपापली बोटभर लांबीची इंजिनं डब्यात घालून आणत आणि भाडं देऊन त्या रुळांवर चालवत. त्यांना खेळणी म्हणण्याची हिंमत तिथे कोणी करत नसे.

इंजिन बिघडून आलं की हिराइवा ते लगेच उघडत नसे. आधी पटावर ठेवायचं आणि स्टूल ओढून बघत बसायचं. कुठे अडतं, कसं अडतं, दिवा आधी जातो की चाकं. घड्याळाला कान लावून बसण्याची जुनी सवय त्याने इथे डोळ्यांना लावली होती.

तोकिए कितामोतो लाल डिझेल इंजिन घेऊन आली, तेव्हाही त्याने तेच केलं. इंजिन तिच्या नवऱ्याचं. कितामोतो दर शनिवारी इथे दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि कोणी जवळ आलं की नजर न हलवता म्हणायचा, "हात लावायचा नाही." बायकोलाही तोच नियम. सगळ्या संसारात घरातलं त्याच्या इंजिनांचं कपाट तिने फक्त बाहेरून पुसलं.

आता त्याच्या तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला, देवळातलं पठण आणि जेवण उरकल्यावर, त्याचे मित्र दुकानात जमणार होते. आणि इंजिन तोकिए स्वतः चालवणार होती.

"एक फेरी हवी मला, हिराइवा-सान. न थांबता," ती म्हणाली. "जास्त काही मागत नाही."

इंजिन निघालं, पूल ओलांडला आणि सांध्यावर, जिथे एका रुळाचे दोन होतात, तिथे थबकलं. दिवाही विझला.

"दिवा आणि मोटर एकदम गेले, म्हणजे मोटर ठणठणीत आहे," हिराइवा म्हणाला. "रुळातली वीज वर पोचत नाहीये. चाकं पुसू."

कापसाच्या काडीला स्पिरिट लावून त्याने चाकं पुसली. इंजिन सुरळीत पळालं. तोकिए ते घरी घेऊन गेली. महिन्याभराने सरावाला आली, तर त्याच सांध्यावर पुन्हा तेच. या वेळी हिराइवाने इंजिन पुरतं उघडलं. चाकांच्या आसांना टेकणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्या काढल्या, घासून लख्ख केल्या. परत पळालं. श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा डबा घेऊन दारात उभी.

निवृत्त बसड्रायव्हर उशिओ पलीकडे आपली मालगाडी फिरवत होता. "डॉक्टर, पेशंट सारखा दाखल होतोय. औषध बदला, नाहीतर डॉक्टर तरी!"

"तू तुझ्या गाडीकडे बघ. मघाशी डबा घसरलाय बोगद्यात."

तोकिए हसली नाही. खाली बघत म्हणाली, "तुम्ही दोघं मला वेडी म्हणाल. पण मला वाटतं, त्यांनाच नकोय. मी हात लावलेला."

उशिओने मालगाडी थांबवली. हिराइवाला ते वाक्य पट्टीच्या टोकासारखं टोचत राहिलं. त्याने इंजिन उलटं करून पुढची चाकं पुसली आणि काडी उजेडात धरली. मग मागची पुसून दुसरी काडी शेजारी धरली.

मागची जवळजवळ पांढरीच. पुढची तपकिरी.

रुळांवरचा मळ काळा असतो आणि धावणाऱ्या इंजिनाला तो दोन्हीकडे सारखाच लागतो. हा मळ धावताना लागलेला नव्हता. उभ्या उभ्या आणि एकाच बाजूने बसला होता. मागच्या चाकांवर कसंबसं चालणारं इंजिन, ती चाकं सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, जिथे वीज नसते तिथे, गेली की थांबत होतं. इथवर जुळलं. पण तपकिरी कशाने? त्याने काडी नाकाशी नेली.

"आता वास घेऊन निदान!" उशिओ म्हणाला.

"गप रे. तोकिए-सान, घरी हे ठेवता कुठे?"

"आणखी कुठे ठेवणार? पितरांच्या देव्हाऱ्यात, त्यांच्या फोटोशेजारी. सकाळी भाताचं पहिलं वाढप ठेवते, उदबत्ती लावते, गप्पा मारते."

"तोंड कुणीकडे असतं इंजिनाचं?"

"माझ्याकडे. तोंड दिसल्याशिवाय बोलायचं कसं?"

"आणि उदबत्ती?"

"त्याच्या नाकासमोर..." ती थांबली.

हिराइवाने काडी तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला. चंदन. तिच्या नेहमीच्या पुड्यातलं.

हिराइवाला वाटलं, आता ही रडणार. जपून म्हणाला, "धुराचा चिकटा बसतो. पट्टीवर पातळसा थर आला तरी वीज अडते. त्यांची काही हरकत नाहीये. ते बिचारे रोज धूर खातायत."

तोकिएने तोंडावर रुमाल धरला. खांदे हलू लागले. ती हसत होती. "म्हणजे मीच! अहो, जन्मभर सिगारेट ओढू दिली नाही त्यांना."

श्राद्धाच्या दिवशी इंजिन तिने देव्हाऱ्यातून नव्हे, स्वयंपाकघरातल्या फडताळातून आणलं. काळ्या कपड्यांतली मंडळी पटाभोवती उभी राहिली. खिडकीजवळच्या खुर्चीत तोकिए बसली आणि तिने बटण फिरवलं. इंजिन पुलावरून गेलं, बोगद्यातून निघालं, सांध्याकडे आलं. तिथे दिवा किंचित लुकलुकला. उशिओचा हात आपसूक पुढे गेला. हिराइवाचाही.

"हात लावायचा नाही," नजर न हलवता तोकिए म्हणाली.

दोन्ही हात मागे गेले. इंजिन सांधा ओलांडून स्टेशनात शिरलं.