केळीचं कापड आणि नरसय्या मामा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या शेडबाहेर केळीचे खुंट साठतात तसे ते साठत जातात. चार दिवस उचलले नाहीत की दार उघडायला जागा राहत नाही. म्हणून आज थोडे उपसते.

आधी मंडळींची ओळख. अश्विनी आमची मालकीण. माढ्याच्या शेतकरी घरातली, बायोटेक शिकलेली. केळीचा घड उतरवला की मागे जो खुंट उरतो, त्यातून धागा काढून कापड करायचं हे तिचं खूळ. मी सुजाता, तिची कॉलेजची मैत्रीण. खुंटातला चिकट डिंक खाऊन धागा मऊ करणारे जंतू मी सांभाळते. आणि नरसय्या मामा, आमचे विणकर. सत्तरीच्या घरातले. हातमागावर बसले की धागे मोजतात तेलुगूत आणि आम्हाला झापतात मराठीत, त्यामुळे घोटाळा कधी होत नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरींची एक बंद पडलेली शेड भाड्याने घेऊन आम्ही सुरुवात केली. अश्विनीच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दोन वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात एकही ऑर्डर आली नाही तर शेडला कुलूप लावायचं आणि पुण्याला नोकरी धरायची. अश्विनी हो म्हणून बसली होती, आणि तिच्या घरात शब्द मागे घ्यायची पद्धत नाही.

* * *

पहिल्या वर्षी ती खुंट मागायला टेंभुर्णीच्या बाजूला गेली तेव्हा लोकांना वाटलं, पोरगी जास्त शिकल्यामुळे बिघडली. घड उतरवल्यावर खुंट म्हणजे शेतातली अडगळ. एका शेतकऱ्याने स्वतः ट्रॉली भरून दिली, वर चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, शेजाऱ्याच्या शेतातलेही न्याल का?

मग गावात बातमी पसरली की यापासून कापड होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो तर त्याच शेतकऱ्याने खुंटांच्या ढिगाला काट्यांचं कुंपण घातलेलं, शेजारी कुत्रं बांधलेलं! आत काय आहे ते बघायलाही देईना.

अण्णा आमच्यासोबत आले होते. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अश्वे, दोन वर्सात तू एवढंच केलंस बघ. कचऱ्याला राखण बसवलीस."

* * *

माझ्या जंतूंना सदतीस डिग्री लागते. त्यासाठी इनक्युबेटर नावाचं कपाट असतं, ते आतली हवा गरम ठेवतं. हे कपाट ज्याने कुणी बनवलं तो सोलापुरात मे महिना काढून गेलेला नसणार. आमच्या शेडमध्ये त्रेचाळीस! कपाटाला गरम करता येतं, गार करता येत नाही. जंतू पटापट मरायला लागले.

शेवटी अश्विनीने एक कूलर आणला आणि थेट कपाटाच्या तोंडाशी लावला. मामा पलीकडे मागावर घामाने निथळत होते. त्यांनी तो सोहळा बघितला, उपरण्याने मान पुसली आणि म्हणाले, "पुढच्या जन्मी विणकर न्हाय व्हायचं. जंतू व्हायचं."

दुसऱ्या दिवशी दुसरा कूलर आला.

* * *

हा किस्सा घरचा आहे. आम्ही शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहतो. मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, मुलगी नेमकं काय करते? आईला मी शंभरदा समजावून सांगितलं होतं, पण ऐन वेळी ती गडबडली आणि म्हणाली, "जंतू पाळते."

पाहुण्यांचे पोहे हातातच राहिले. बाबा मध्ये पडले, म्हणाले, चांगले जंतू, निरुपद्रवी. मुलाची आई समजूतदार होती. तिने शांतपणे पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "लग्नानंतर ते कुठं ठेवणार?"

स्थळ फिसकटलं. पण बाईचा प्रश्न रास्त होता, हे मी आजही मानते.

* * *

आता माझी चूक. उभे धागे मागावर चढवण्याआधी त्यांना खळ देतात, म्हणजे पिठाची पेज चोपडून वाळवतात, त्याने धाग्याला ताकद येते. मामा ज्वारीच्या पिठाची खळ करायचे. एकदा काय झालं, उकळला तर धागा राठ होतो म्हणून मी तो नुसता पाण्यातून काढला आणि मामांना दिला. जंतू त्यात जिवंतच होते.

मामांनी दिवसभर बसून खळ दिली. रात्रभर जंतूंनी ती खाल्ली. सकाळी मामा मागावर बसले आणि धागे तटातट तुटायला लागले. एक जोडावा तर दुसरा तुटतो. दुपारपर्यंत मामांनी तेलुगूत मोजणंही बंद केलं. आता रागावणार म्हणून मी कोपऱ्यात उभी. त्यांनी धागा नाकाशी नेला, आंबूस वास घेतला आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"पोरी, तुझी जनावरं माझी खळ खाऊन बसली की," ते म्हणाले. "माझ्याकडं पाठवायच्या आधी त्यांना घरी जेवू घालत जा."

तेव्हापासून मी धागा उकळूनच देते. राठ तर राठ!

* * *

पण मामांचं आणि आमचं खरं भांडण वेगळंच होतं. मामांच्या घरात तीन पिढ्या चादरी विणल्या. चांगली चादर म्हणजे काय, तर जी फाटत नाही. मुलीला लग्नात दिलेली चादर नातवंडांच्या अंगावर दिसली पाहिजे. आणि आम्ही ज्याला त्याला अभिमानाने सांगायचो की आमचं कापड मातीत घातलं की काही महिन्यांत विरून जातं. हे ऐकलं की मामा उठून बाहेर जायचे.

एका स्पर्धेसाठी पुण्याहून परीक्षक येणार होते. त्यांना दाखवायला आम्ही तीन महिने आधी कापडाचा तुकडा कुंडीत पुरला. परीक्षक आले. अश्विनीने भाषण केलं, बाह्या वर सारल्या आणि कुंडी उकरायला घेतली. वरची माती काढली, मधली काढली, तळ लागला. कापडाचं सूतसुद्धा नाही! परीक्षक थक्क. इतकं पूर्ण विरघळलं? त्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या.

तेवढ्यात मामा मागच्या खोलीतून आले. हातात इस्त्री केलेली घडी.

"ताई, ते हितं हाय," मामा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी काढून धुतलं मी. चांगलं कापड कोण पुरतंय का?"

बक्षीस दुसऱ्याला गेलं. अश्विनी दोन दिवस मामांशी बोलली नाही. मामाही तिच्याशी बोलले नाहीत, कारण त्यांच्या मते माफी तिने मागायला हवी होती.

* * *

मुदत संपायला महिना उरला तेव्हा बेंगळुरूच्या एक बाई आल्या. मोठ्या दुकानांना कापड पुरवणाऱ्या. ही ऑर्डर मिळाली तर सगळं निभावणार होतं. बाईंनी कापड गालाला लावून बघितलं, उजेडात धरलं, डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग त्यांना फार आवडला. मग त्यांनी थेट मामांना विचारलं, हे टिकेल किती वर्षं?

मी डोळे मिटून घेतले.

"टिकवायचं काम माझं, विरवायचं काम ह्या पोरींचं," मामा म्हणाले. "आमचं अजून ठरंना झालंय."

बाई मनापासून हसल्या, चहा घेतला, कळवते म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी काही कळवलं नाही.

* * *

शेवटच्या आठवड्यात मामा येईनात. त्यांचे थोरले भाऊ वारले होते. आम्ही दोघी भेटून आलो. इकडे आवराआवर सुरू झाली. मी जंतूंच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते, कॉलेजला देऊन टाकायच्या म्हणून. अश्विनी खोकी भरत होती. अण्णा माढ्याहून जीप घेऊन आले होते आणि दारात उभे होते. इतके दिवस त्यांनी तिची थट्टा केली, त्या दिवशी मात्र ते हातातली जीपची किल्ली फिरवत राहिले. मला रडू येत होतं आणि मी रडतही होते.

मुदतीच्या त्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला मामा आले. डोकं भादरलेलं. मागाकडे गेले, त्यावर खोकी ठेवलेली बघितली, एकेक उचलून खाली ठेवली. मग अश्विनीला म्हणाले, ऑर्डर लिहायचं पुस्तक काढ.

ते पुस्तक कोरं होतं. दोन वर्षांपूर्वी हौसेने छापून घेतलेलं. अश्विनीने उघडलं.

"लिही. सात हात. पांढरं. काठ नको."

अश्विनीने लिहिलं आणि विचारलं, कुणाच्या नावाने?

"माझ्या." मामा खोक्यावर टेकले. "आमच्यात पुरतात, ठाऊक हाय ना तुला? भावावर पॉलिस्टर घातलं, ताई. पोरांनी दुकानातनं आणलं, घाईत कुणी बघितलं न्हाय. साठ वर्सं सूत विणलं त्यानं. आता तो माती होईल अन् ते कापड तसंच राहील."

अण्णा दारातून आत आले आणि मामांच्या शेजारी बसले.

अश्विनीने डोळे पुसले. पुढचा रकाना डिलिव्हरीच्या तारखेचा होता. तिथे पेन टेकवून ती थांबली. काय विचारायचं आणि कसं, तिला कळेना. मामांनी वाकून तो रकाना बघितला.

"घाई न्हाय," ते म्हणाले. "फक्त तोवर कंपनी चालू ठेवा."